पाणबुडीतील त्रैराशिक

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



साठ वर्षांपूर्वी या शाळेची पहिली घंटा वाजली, त्या काळी अभियांत्रिकी महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाच्या हाती एक लांबट डबी हमखास दिसे. डबीत एक पट्टी असे. त्या पट्टीच्या खाचेतून दुसरी पट्टी सरके आणि दोहोंवरून एक पारदर्शक सरकती काच फिरे. हिचे नाव स्लाइड रूल. गुणाकार, भागाकार, वर्गमूळ, त्रिकोणमितीय गुणोत्तरे अशी सारी कामे ही पट्टी करी. पूल, धरणे, विमाने आणि यंत्रे यांची आकडेमोड तीन शतके तिच्या आधाराने झाली. १९७२ साली एचपी-३५ हा खिशात मावणारा शास्त्रीय कॅल्क्युलेटर बाजारात आला आणि पाहता पाहता ही पट्टी टेबलावरून कपाटात, कपाटातून माळ्यावर गेली. आज सभागृहात बसलेल्या काही ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांच्या घरी ती अजून असेल. त्यांच्या नातवंडांना मात्र ती कशासाठी वापरतात, हे सांगावे लागेल.

या पट्टीच्या गोतावळ्यातील एका वेगळ्या पट्टीची ही कथा आहे. ती महाविद्यालयात नव्हती, पाणबुडीत होती. तिच्यावर वर्गमूळ नव्हते, त्रिकोणमितीची कोष्टके नव्हती. तिला एकच प्रश्न विचारला जाई: समोरचे जहाज किती दूर आहे? आणि या एका प्रश्नाच्या उत्तरावर दोन्ही बाजूंच्या माणसांचे प्राण अवलंबून असत.

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. जमिनीवर अंतराचा अंदाज बांधताना वाटेतील झाडे, घरे, विजेचे खांब डोळ्यांना मदत करतात. समुद्रावर असे काहीच नसते. पाणी, क्षितिज आणि क्षितिजाजवळ एक करडी आकृती. लहान जहाज जवळ आहे की मोठे जहाज दूर आहे, हे नुसत्या नजरेला कळत नाही. त्यात पाणबुडीचा कप्तान पेरिस्कोपातून पाहणार, तेही काही सेकंदच. पेरिस्कोप जितका वेळ पाण्याबाहेर राहील, तितका तो शत्रूच्या टेहळ्याला दिसण्याचा धोका अधिक. पाण्याखालून ध्वनिलहरी सोडून प्रतिध्वनीवरून अंतर काढण्याची सोय दुसऱ्या महायुद्धात होती. परंतु त्या लहरी शत्रूच्या कानी गेल्या तर पाणबुडीची वर्दी तिने स्वतःच दिल्यासारखे होई. म्हणून दिवसा, पाण्याखाली राहून हल्ला करताना डोळा, भिंग आणि गणित यांवरच भिस्त ठेवावी लागे.

ते गणित कोणते? सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याने काढावे इतके साधे. जहाजाची सर्वांत उंच डोलकाठी पाण्यापासून अमुक उंच आहे, हे ठाऊक आहे असे धरा. पेरिस्कोपातून पाहताना जहाजाच्या जलरेषेपासून डोलकाठीच्या टोकापर्यंत डोळ्याशी किती कोन होतो, तो मोजा. जहाज जवळ आले की हा कोन वाढतो, दूर गेले की घटतो. अंतर दुप्पट झाले की कोन निम्मा होतो. उंची स्थिर असताना अंतर आणि कोन व्यस्त चलनात असतात, असे हे पाठ्यपुस्तकाच्या भाषेत सांगता येईल.

आता नेमका आकडा हवा. एका अंशाचे ६० भाग करतात. शाळेत त्यांना मिनिटे म्हणतात, आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत त्यांना कला म्हटले आहे. पूर्ण वर्तुळात ३६० अंश, म्हणजे २१,६०० कला. पेरिस्कोपापाशी मध्यबिंदू धरून दूरच्या जहाजातून जाणारे एक प्रचंड वर्तुळ समुद्रावर उभे केले आहे, अशी कल्पना करा. जहाजाची डोलकाठी हा त्या वर्तुळाच्या परिघाचा एक अगदी लहान तुकडा. परीघ २१,६०० कला असेल तर त्रिज्या किती? २१,६०० ला दोन पायने भागले की ३,४३७.७५ येतात, म्हणजे जवळजवळ ३,४३८. यावरून सूत्र तयार होते: डोलकाठीच्या उंचीला ३,४३८ ने गुणा, मोजलेल्या कलांनी भागा, उत्तर म्हणजे अंतर. अमेरिकी नौदलात उंची फुटांत आणि अंतर यार्डांत धरीत. तीन फुटांचा एक यार्ड, म्हणून तेथे ३,४३८ च्या जागी त्याचा तिसरा हिस्सा, १,१४६ हा आकडा येतो.

३,४३८ हा आकडा भारतीय गणिताच्या वाचकाला अनोळखी नाही. इ. स. ४९९ मध्ये रचलेल्या आर्यभटीयात २२५ कलांच्या अंतराने चोवीस ज्यांची कोष्टके दिली आहेत, त्यांतील शेवटची ज्या, म्हणजेच त्रिज्या, ३,४३८ येते. आर्यभटाने परिघाच्या २१,६०० कला धरल्या आणि त्याच मापात त्रिज्या मोजली, म्हणून त्याला हा आकडा मिळाला. पाणबुडीच्या पट्टीत हाच आकडा दिसतो, याचा अर्थ ती पट्टी करणाऱ्यांनी आर्यभट वाचला होता असा मुळीच नव्हे. वर्तुळाचे असे भाग पाडून जो कोणी प्रामाणिकपणे त्रिज्या मोजेल, त्याला हा आकडा भेटणारच. आर्यभटाला तो ग्रहांच्या गतीसाठी हवा होता, पाणबुडीवाल्यांना जहाजाच्या अंतरासाठी. गणिताला या हेतूंशी कर्तव्य नव्हते. हेतूंचा हिशेब माणसाकडे राहतो, आणि या कथेच्या शेवटी तो समोर येणारच आहे.

कोन मोजण्याच्या दोन रीती होत्या. पहिली रीत भिंगावर कोरलेल्या रेघांची. अमेरिकी पाणबुड्यांच्या पेरिस्कोपात दीडपट आणि सहापट अशी दोन वर्धने असत. कमी वर्धनात दोन रेघांमधले अंतर एक अंशाचे असे, अधिक वर्धनात तेच १५ कलांचे होई. जलरेषेपासून डोलकाठीच्या टोकापर्यंत किती घरे भरतात ते मोजायचे. दुसरी रीत स्टेडिमीटर नावाच्या उपकरणाची. त्यात भिंगाचे दोन भाग एकमेकांवरून सरकविले की एका जहाजाच्या दोन प्रतिमा दिसू लागत. एका प्रतिमेची जलरेषा दुसऱ्या प्रतिमेच्या डोलकाठीच्या टोकाला नेऊन टेकवायची. ती टेकली की चाक थांबवायचे. भिंगाचे भाग जितके सरकले, त्यावरून कोन कळे आणि तबकडीवर उंची लावलेली असेल तर अंतरही वाचता येई.

घरे मोजली, कोन मिळाला. पुढचा गुणाकार-भागाकार कोण करणार? अरुंद जागा, मंद उजेड, कोंदट हवा, प्रत्येकाचे लक्ष कप्तानाच्या शब्दाकडे. अशा वेळी कागदावर मोठा भागाकार मांडणे म्हणजे चुकीला आमंत्रण. येथे स्लाइड रूल कामी येई.

स्लाइड रूलचे मर्म एका वाक्यात सांगता येते: ती गुणाकाराची बेरीज करते. १६१४ साली स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने लॉगरिथमची कोष्टके प्रसिद्ध केली. दोन संख्यांचा गुणाकार हवा असेल तर त्यांच्या लॉगरिथमांची बेरीज पुरते, ही त्यातील युक्ती. १६२० च्या सुमारास एडमंड गंटरने ही लॉगरिथमे एका रेषेवर अंतरांच्या रूपाने मांडली. पुढे विल्यम ऑट्रेडने अशा दोन रेषा शेजारी ठेवून एक दुसरीवरून सरकविली आणि स्लाइड रूल जन्माला आली. पंचवीस सेंटिमीटरच्या पट्टीवर १ च्या खुणेपासून २ ची खूण सुमारे ७.५ सेंटिमीटरवर येते, ३ ची ११.९ वर. ही दोन अंतरे एकापुढे एक ठेवली की १९.४ सेंटिमीटरच्या किंचित पुढे ६ ची खूण भेटते. दोन त्रिक सहा हे पाढ्याचे उत्तर येथे हाताने मोजता येते. भागाकारासाठी हीच अंतरे वजा करायची.

पाणबुडीच्या पट्टीत या मांडणीचा हेतुपुरस्सर संकोच केलेला असे. एका रेषेवर डोलकाठीची उंची, दुसरीवर मोजलेला कोन, तिसरीवर अंतर. ३,४३८ किंवा १,१४६ हा स्थिरांक कोणी लक्षात ठेवायचा नाही, रेषा एकमेकींपासून किती सरकवून आखायच्या यातच तो बसविलेला. उंचीसमोर कोन आणायचा आणि खुणेच्या बाणासमोर अंतर वाचायचे. भिंगावरील घरे मोजली असतील तर पेरिस्कोपाचे कोणते वर्धन वापरले, त्याप्रमाणे बाण निवडावा लागे. बाण चुकला तर उत्तर चौपटीने चुके. बाकी सारे दोन सेकंदांचे काम. पट्टीला वीज लागत नसे, धक्क्याने ती बिघडत नसे, आणि एकाने लावलेली पट्टी दुसऱ्याला एका दृष्टिक्षेपात तपासता येई.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत त्रैराशिकाला केवढे स्थान आहे, हे जुन्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. तीन राशी ठाऊक, चौथी काढा. इतक्या कलांना इतकी उंची, तर त्रिज्येच्या ३,४३८ कलांना किती? पाणबुडीची पट्टी म्हणजे हेच त्रैराशिक, लाकडात किंवा प्लॅस्टिकमध्ये बसविलेले.

आता या पट्टीच्या मर्यादेकडे वळू. एक उदाहरण घेऊ. अधिक वर्धनात डोलकाठीने चार घरे भरली, म्हणजे कोन ६० कला. जहाजाची डोलकाठी ३० मीटर उंच आहे असे ओळखपुस्तिकेवरून ठरविले. ३० गुणिले ३,४३८ भागिले ६०: अंतर १,७१९ मीटर. पट्टीने आपले काम चोख केले. पण जहाज ओळखण्यात चूक झाली असेल आणि डोलकाठी प्रत्यक्षात २५ मीटर असेल, तर खरे अंतर १,४३२ मीटर. जवळजवळ २९० मीटरची तफावत पडली, आणि पट्टीला त्याचा पत्ताही नाही. कोन अगदी अचूक मोजला, पट्टी अचूक लावली, उत्तर अचूक वाचले, तरी उत्तर चुकले, कारण ज्या राशीपासून आरंभ केला ती राशी मोजलेली नव्हती, मानलेली होती.

ही चूक अंतरापाशी थांबत नाही. लक्ष्याचा वेग काढण्यासाठी काही मिनिटांच्या अंतराने त्याचे अंतर आणि दिशा नोंदवून नकाशावर बिंदू मांडतात. प्रत्येक अंतर जर सव्वा ते दीडपटीच्या मधल्या एखाद्या ठरावीक प्रमाणात फुगलेले असेल, तर बिंदूंमधील वाटही जवळपास त्याच प्रमाणात फुगते आणि वेगही. वरच्या उदाहरणात हे प्रमाण त्याहून थोडे कमी, १.२ आहे. १५ नॉट वेगाचे जहाज कागदावर १८ नॉटचे होते. टॉर्पेडो, म्हणजे पाणतीर, जहाज आज जेथे आहे तेथे सोडून चालत नाही. तो पोहोचेल तेव्हा जहाज जेथे असेल तेथे सोडावा लागतो. ४६ नॉट वेगाचा टॉर्पेडो, आडवे जाणारे जहाज. १५ नॉटसाठी सुमारे १९ अंश पुढे नेम धरावा लागतो, १८ नॉटसाठी सुमारे २३ अंश. फरक अवघा चार अंशांचा. पण १,४३२ मीटरवर चार अंश म्हणजे शंभर मीटर. डोलकाठीच्या उंचीत पाच मीटरांची चूक, आणि टॉर्पेडो शंभर मीटर पुढून निघून गेला.

म्हणून जाणता माणूस पट्टीवरचे उत्तर १,७१९ असे सांगत नाही, सतराशे म्हणतो. पंचवीस सेंटिमीटरची स्लाइड रूल तीन अंकांपर्यंत उत्तर देते, आणि ती अधिक देत नाही हा तिचा दोष मानता येणार नाही. जी राशी मुळात पाच-सात मीटरांच्या अंदाजाने धरली आहे, तिच्यापासून निघालेल्या उत्तरात शेवटचा अंक मिरविणे हा एक प्रकारचा खोटेपणाच आहे. कॅल्क्युलेटर तो खोटेपणा बिनदिक्कत करतो, दहा अंक दाखवितो. पट्टीला ते जमत नाही.

या साऱ्या गोष्टी एका प्रत्यक्ष प्रसंगात पाहता येतात. जानेवारी १९४३. अमेरिकी पाणबुडी वाहू ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनहून निघाली. कप्तान डडली मॉर्टन. त्याला न्यू गिनीच्या उत्तर किनाऱ्यावरील वेवाक या जपानी ठाण्याची टेहळणी करण्याचा आदेश होता. अडचण अशी की पाणबुडीवरील नौदलाच्या नकाशांत वेवाकचा पत्ताच नव्हता. तेव्हा यंत्रविभागातील एका खलाशाने आपल्या सामानातून एक पुस्तक काढले. ऑस्ट्रेलियात विकत घेतलेला, शाळकरी मुलांचा स्वस्त नकाशासंग्रह! त्यात वेवाक होते. त्या लहानशा नकाशावरून कॅमेऱ्याचे भिंग आणि दिव्याच्या साहाय्याने मोठी प्रतिमा पाडून खलाशांनी आराखडा तयार केला आणि त्याच्या आधारे २४ जानेवारीला पाणबुडी बंदरात शिरली. शाळेचे पुस्तक कोठे कामास येईल, हे ते छापणाऱ्यालाही सांगता येत नाही.

मॉर्टनची एक पद्धत निराळी होती. बहुतेक कप्तान पेरिस्कोप स्वतःच्या हाती ठेवीत. मॉर्टनने ते काम आपला सहाय्यक रिचर्ड ओकेन याच्याकडे सोपविले आणि स्वतः सारा हिशेब डोळ्यांसमोर ठेवून निर्णयापुरता मोकळा राहिला. पाहणारा एक, ठरविणारा दुसरा. पाहणाऱ्याच्या घाईचा परिणाम ठरविणाऱ्यावर होऊ नये, ही त्यामागची दृष्टी.

बंदरात हारुसामे ही जपानी विनाशिका होती. ती निघाली. वाहूने तिचा वेग १५ नॉट धरून तीन टॉर्पेडो सोडले. तिन्ही तिच्या मागून निघून गेले, कारण तिचा वेग धरल्यापेक्षा अधिक होता. वेग २० नॉट धरून चौथा सोडला, तो तिने वळण घेऊन चुकविला. आता टॉर्पेडोंच्या फेसाळ रेषांवरून पाणबुडी कोठे आहे ते विनाशिकेला कळले आणि ती थेट पेरिस्कोपाच्या रोखाने निघाली.

येथे गणित बदलते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जहाज आडवे जात असताना त्याच्या वेगाचा अंदाज फार महत्त्वाचा. जहाज नाकासमोर सरळ येऊ लागले की बाजूला नेम धरण्याची गरजच उरत नाही. मग वेगातील चूक तितकीशी बाधत नाही. प्रश्न एकच उरतो: अंतर. आणि अंतर सांगणारी डोलकाठी समोर वाढत असते. सोळाशे यार्डांवर जितका कोन, त्याच्या दुप्पट आठशे यार्डांवर. व्यस्त चलनाचा पाठ इतक्या जवळून फार थोड्यांनी गिरविला असेल. पाचवा टॉर्पेडो चुकला. सहावा सुमारे आठशे यार्डांवरून सोडला आणि तो विनाशिकेच्या मध्यभागी लागला.

पेरिस्कोपातून तिचे छायाचित्र घेण्यात आले. ती बुडाली असे मॉर्टनने कळविले. प्रत्यक्षात जपान्यांनी ती किनाऱ्याला लावली, दुरुस्त केली आणि पुन्हा समुद्रात उतरविली. सहांपैकी पाच टॉर्पेडो चुकले, आणि लागलेल्या सहाव्याचा परिणामही डोळ्यांनी पाहून चुकीचा वाचला. युद्धातील शौर्याच्या कथा सांगताना हा तपशील सहसा गाळला जातो. मोजमापाची कथा सांगताना तो गाळून चालत नाही.

दोन दिवसांनी, २६ जानेवारीला, याच वाहूने न्यू गिनीच्या उत्तरेस एका जपानी ताफ्यावर हल्ला केला. त्यात बुयो मारू नावाचे वाहतुकीचे जहाज होते. त्याचेही अंतर मोजले गेले, दिशा मोजली गेली, वेग ठरविला गेला. टॉर्पेडो लागले आणि ते बुडाले. मग पाणबुडी पृष्ठभागावर आली आणि जहाजावरील माणसे ज्या होड्यांत उतरली होती त्यांवर गोळीबार झाला. होड्यांत जपानी सैनिक आहेत, ते सोडले तर उद्या पुन्हा लढतील, अशी मॉर्टनची धारणा होती. त्या गोळीबाराच्या योग्यायोग्यतेवर इतिहासकारांनी पुढे बराच वाद घातला आहे.

मॉर्टनला एक गोष्ट ठाऊक नव्हती. बुयो मारूवर भारतीय होते. ब्रिटिश भारतीय सैन्यातील १६व्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे, जपान्यांच्या हाती सापडलेले युद्धकैदी. जहाजावर एकूण १,१२६ माणसे होती. त्यांतील १९५ भारतीय आणि ८७ जपानी मृत्यू पावले. काही टॉर्पेडोंनी, काही गोळीबाराने. तो २६ जानेवारी होता. १९३० पासून देशातील स्वातंत्र्यवादी हा दिवस स्वातंत्र्यदिन म्हणून पाळीत होते आणि सात वर्षांनी याच दिवशी भारत प्रजासत्ताक होणार होता.

पाणबुडीच्या पट्टीवर या माणसांसाठी रेघ नव्हती. पट्टीला डोलकाठीची उंची विचारता येई, जहाज किती दूर आहे ते विचारता येई. जहाजात कोण आहे, हे तिला विचारण्याची सोयच नव्हती. हा पट्टीचा दोष नव्हे, तिला दिलेल्या प्रश्नाची ती मर्यादा होती. डोलकाठीची उंची जशी मानलेली राशी, तशीच होडीत कोण आहे हीही मानलेली राशी होती. पहिल्या राशीतील चूक शंभर मीटरांनी टॉर्पेडो हुकवते आणि तेव्हाच उघडी पडते. दुसऱ्या राशीतील चूक ज्यांनी केली, त्यांना ती त्या दिवशी कळलीही नाही. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात वाहू जपानजवळच्या ला पेरूज सामुद्रधुनीत सर्व खलाशांसह बुडाली. ओकेन तोपर्यंत दुसऱ्या पाणबुडीचा कप्तान होऊन गेला होता, म्हणून तो वाचला.

मग शाळेच्या हीरक महोत्सवात ही कथा कशासाठी? त्याचे उत्तर तिहेरी आहे.

पहिले उत्तर पालकांसाठी. महाराष्ट्राबाहेर राहून मुलाला मराठी माध्यमात घालताना प्रत्येक पालकाच्या मनात एक शंका येऊन गेलेली असते: या भाषेत शिकलेले गणित बाहेरच्या जगात चालेल का? आज येथे मांडलेला हिशेब आठवून पाहा. काटकोन त्रिकोण, समरूपता, व्यस्त चलन, त्रैराशिक, अंश आणि कला. पाणबुडीच्या पट्टीचे सारे मर्म एवढ्या शब्दांत सामावते, आणि हे सारे शब्द याच शाळेच्या फळ्यावर लिहिले गेले आहेत. इंग्रजी शिकावीच लागते, ती उत्तम शिकावी. परंतु ज्याला व्यस्त चलन मराठीत उमगले आहे, त्याला ते दुसऱ्या भाषेत फक्त नव्या नावाने भेटते. ज्याला ते कोणत्याच भाषेत उमगलेले नाही, त्याच्यापाशी फक्त नाव असते.

दुसरे उत्तर विद्यार्थ्यांसाठी, आणि ते हाताने करून पाहायचे आहे. हात पूर्ण लांब करून करंगळी डोळ्यांसमोर धरा. तिची रुंदी सुमारे एक अंश, म्हणजे ६० कला भरते. मैदानाच्या पलीकडे उभा असलेला मित्र डोक्यापासून पायापर्यंत आडव्या करंगळीमागे नेमका झाकला गेला तर तो किती दूर आहे? त्याची उंची १.६ मीटर धरा. ३,४३८ ला ६० ने भागले की सुमारे ५७ येतात, १.६ गुणिले ५७ म्हणजे सुमारे ९० मीटर. मग फीत लावून मोजा. उत्तर चुकले तर चूक कोठे झाली ते शोधा: करंगळी एक अंशाहून जाड होती की मित्र १.६ मीटरहून बुटका होता? हा शोध उत्तरापेक्षा मोलाचा आहे. नंतर पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या कापा, लॉगरिथमच्या कोष्टकावरून खुणा करा, आणि स्वतःची स्लाइड रूल तयार करा. विशाखापट्टणमला कोणी गेले तर रामकृष्ण बीचवरील कुरसुरा पाणबुडी अवश्य पाहावी. १९६९ साली भारतीय नौदलात आलेली आणि २००१ साली निवृत्त झालेली ही पाणबुडी आज संग्रहालय आहे. तिच्या अरुंद मार्गिकेतून वाकून चालताना असा हिशेब किती कमी जागेत आणि किती ताणाखाली करावा लागत असेल, याची कल्पना येते.

तिसरे उत्तर सर्वांसाठी. आजच्या यंत्रांना पट्टीपेक्षा कितीतरी अधिक प्रश्न विचारता येतात आणि ती निमिषार्धात उत्तरे देतात. उत्तर जितके झटपट आणि जितके नेटके, तितकी ते न तपासण्याची इच्छा प्रबळ. शाळेने गणिताच्या तासाला एक सवय लावलेली असते: उदाहरण सोडविण्याआधी वहीत ‘दिलेले’ आणि ‘मानू’ असे दोन शब्द लिहायचे. काय दिले आहे आणि काय मानले आहे, हे वेगळे मांडायचे. ती सवय मुलांना कंटाळवाणी वाटते, तिच्यासाठी गुण कापले की रागही येतो. वेवाकच्या बंदरात ‘दिलेले’ आणि ‘मानू’ यांतील अंतर पाच टॉर्पेडोंइतके होते. दोन दिवसांनी बुयो मारूवर ते १९५ भारतीय जिवांइतके झाले.

साठ वर्षांत या शाळेतून हजारो वह्या लिहून गेल्या. त्यांतील उत्तरे आता कोणाला आठवत नसतील. पण उत्तराआधी ‘मानू’ लिहिण्याची सवय ज्यांच्या हाताला उरली असेल, त्यांचे गणित या शाळेत पुरे झाले आहे असे म्हणता येईल. पुढच्या पिढीच्या हातालाही ती लागो, एवढीच या शुभप्रसंगी सदिच्छा.